वेजवुडची भांडी आणि त्यांच्या बुडावरचे ठसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे लोक बशांचे फोटो पाठवतात, तेही उलट्या बशांचे. कुणाला पणजीच्या फडताळात सापडलेली असते, कुणी मुंबईच्या चोर बाजारातून आणलेली असते, कुणाला लंडनहून मामाने पाठवलेली असते. सगळ्यांचा प्रश्न एकच : हे खरं वेजवुड आहे का आणि कधीचं आहे? तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक विनंती आधीच करते. नाव वाचण्याआधी भांडं हातात घेऊन नीट पाहा. वेजवुड या नावाची जेवढी नक्कल झाली, तेवढी इंग्लंडमधल्या फार थोड्या कुंभारांच्या नावांची झाली असेल.

१. वेजवुड हे माणसाचं नाव की कंपनीचं?

दोन्ही. जोसाया वेजवुड (१७३०–१७९५) हा इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातल्या बर्स्लेम गावचा, पिढीजात कुंभाराच्या घरातला. लहानपणी देवी आल्या आणि त्यात उजवा गुडघा कायमचा दुखावला. त्यामुळे पायाने चाक चालवणं त्याला जड जायचं. पुढे १७६८ मध्ये तो पाय कापावाच लागला. चाकावरून उठलेला हा माणूस माती, झिलई आणि भट्टी यांच्या प्रयोगांकडे वळला. हजारो प्रयोगांना त्याने क्रमांक दिले आणि नोंदी ठेवल्या. १७५९ मध्ये त्याने बर्स्लेमला स्वतःचा कारखाना सुरू केला आणि १७६९ मध्ये जवळच इट्रूरिया नावाचा मोठा कारखाना उभारला. माल सुखरूप जावा म्हणून ट्रेंट आणि मर्सी नद्यांना जोडणाऱ्या कालव्यासाठी तो झटला, आणि तो कालवा इट्रूरियाच्या दारावरूनच गेला. खड्ड्यांच्या रस्त्याने घोड्यांच्या पाठीवर बशा नेल्या की किती फुटत असतील, याचा विचार केला की कालव्याची ओढ समजते.

चार्ल्स डार्विन हा त्याच्या मुलीचा मुलगा.

२. अर्दनवेअर म्हणजे काय? आपण सरसकट चिनी मातीच म्हणतो ना?

म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपला पाण्याचा माठ हाही अर्दनवेअरच. कमी आचेवर भाजलेली, सच्छिद्र राहिलेली माती असते ती, म्हणून तर माठ पाझरतो आणि पाणी गार राहतं. वेजवुडची बशी त्याच कुळातली आहे. फरक इतकाच की तिची माती फिकट रंगाची, त्यात भाजून दळलेली गारगोटी मिसळलेली, आणि वरून काचेसारखी झिलई. झिलईमुळे ती पाझरत नाही. पण कडेचा टवका उडाला असेल तर उघड्या जागी पाण्याचा थेंब ठेवून बघा, माती तो पिऊन टाकते.

बोन चायना वेगळी. तिच्यात जनावरांच्या हाडांची राख असते, आच जास्त लागते, आणि बशी उजेडासमोर धरून मागे बोटं ठेवली तर त्यांची सावली दिसते. अर्दनवेअरमधून काहीच दिसत नाही. टिचकी मारली तर बोन चायना घंटेसारखी वाजते आणि अर्दनवेअरचा आवाज बद्द येतो.

३. 'क्वीन्स वेअर' हे नाव कुठून आलं?

स्टॅफर्डशरमध्ये मलईच्या रंगाची भांडी वेजवुडच्या आधीपासून होत होती. त्याने ती माती आणि झिलई घासूनपुसून इतकी सुधारली की साध्या मातीचं भांडं श्रीमंताच्या टेबलावर मिरवू लागलं. १७६५ मध्ये त्याने राणी शार्लटसाठी चहाचा संच केला. तो पसंत पडला, राणीचा कुंभार म्हणवून घ्यायची परवानगी मिळाली आणि त्याने या मातीला 'क्वीन्स वेअर' असं नाव दिलं. नाव देण्यात त्याची हुशारी होतीच, पण माल नावाला साजेसा होता. पातळ, हलका, गरम चहा ओतला तरी तडकत नाही आणि मध्यमवर्गाला परवडणारा.

या मातीची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी १७७३–७४ मध्ये केलेला जेवणाचा संच. नगांची संख्या ९५२. त्यांवर ब्रिटनमधल्या वाड्यांची, बागांची, नद्यांची, पडक्या मठांची बाराशेहून जास्त दृश्यं हाताने रंगवलेली, आणि प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक. ज्या राजवाड्यासाठी हा संच होता तो बेडकांच्या दलदलीच्या जागी बांधला होता, म्हणून बेडूक. आज हा संच सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मला यातली एक गोष्ट फार भावते. सम्राज्ञीच्या पंगतीला सोनं नाही, पोर्सेलेन नाही, तर कुंभाराच्या हातची माती गेली.

४. बुडावर फक्त 'वेजवुड' एवढंच दाबलेलं आहे. मग ते खरं समजायचं का?

बहुधा हो, पण आधी प्रश्न १० वाचा. खऱ्या भांड्यावर हे नाव माती ओली असताना धातूच्या ठशाने दाबलेलं असतं. नंतर झिलई चढते आणि ती अक्षरांच्या खाचांत उतरते. म्हणून अक्षरांवरून नख फिरवलं तर खाच लागते, पण तिची धार लागत नाही. अक्षरं कोरडी, खरखरीत, झिलई फोडून कोरल्यासारखी दिसली तर ती भाजणीनंतर कुणीतरी घातली आहेत, हे नक्की.

नुसतं नाव, देशाचं नाव नाही, तीन अक्षरं नाहीत, असं असेल तर भांडं साधारण १७७० ते १८६० या लांबलचक काळातलं असू शकतं. तो काळ कमी करायचा तर बुडाच्या कडेशी साचलेली झिलई पाहा. क्वीन्स वेअरमध्ये ती पिवळसर-हिरवट दिसते. सुरुवातीची माती गडद, लोण्यासारखी पिवळी. पुढे कॉर्नवॉलची पांढरी माती मिसळू लागल्यावर रंग फिका होत गेला.

५. नावाच्या शेजारी तीन इंग्रजी अक्षरं आहेत. ती काय सांगतात?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. १८६० पासून वेजवुडने अर्दनवेअरवर तीन अक्षरं दाबायला सुरुवात केली. पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं कारागिराचं, तिसरं वर्षाचं.

वर्षाची अक्षरं १८६० ला ओ पासून सुरू होतात : १८६१ ला पी, १८६२ ला क्यू, असं करत १८७१ ला झेड. मग १८७२ ला पुन्हा ए, आणि १८९७ ला झेड. १८९८ पासून परत ए. म्हणजे एकच अक्षर दर २६ वर्षांनी फिरून येतं. ओ म्हणजे १८६०, १८८६ किंवा १९१२.

महिने बऱ्याच अंशी सरळ आहेत. जानेवारीला जे, फेब्रुवारीला एफ, एप्रिलला ए, जूनला टी, ऑगस्टला डब्ल्यू, मग सप्टेंबरपासून एस, ओ, एन, डी. खोडा तीन महिन्यांचा. १८६० ते १८६४ मध्ये मार्चला एम, मे महिन्याला वाय आणि जुलैला व्ही होतं. १८६५ पासून मार्चला आर, मे ला एम आणि जुलैला एल झालं.

माझ्या टेबलावर आत्ता एक बशी आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका गोणपाटावर, पितळी कुलपांच्या शेजारी पडली होती. बूड उलटं केलं की 'वेजवुड' आणि खाली एल, पी, क्यू. क्यू म्हणजे १८६२ किंवा १८८८. पण जुलैसाठी एल हे अक्षर १८६५ नंतरच आलं, म्हणून १८६२ बाद. क्यू १९१४ लाही येतं, पण तेव्हा पहिल्या जागी अक्षर नसून आकडा असायचा (पुढचा प्रश्न पाहा). राहिलं जुलै १८८८. 'इंग्लंड' हा शब्द बुडावर नाही, तेही याला जुळतं. मधलं पी कुणाचं, त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याच्या अंगठ्याचा एक पुसट दाब कडेला आहे आणि माझा अंगठा तिथे बरोबर बसतो.

६. माझ्या ठशात पहिल्या जागी ३ किंवा ४ हा आकडा आहे.

१९०७ पासून महिन्याच्या अक्षराऐवजी ३ हा आकडा आला आणि तो १९२३ पर्यंत राहिला. १९२४ पासून ४. वर्षाचं अक्षर शेवटीच राहिलं. १९३० पासून ही पद्धत बदलली आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडेच दाबू लागले, म्हणजे ३७ दिसलं की १९३७. तिथे डोकं चालवावं लागत नाही.

आणखी एक खूण : १९२९ पासून नावाच्या अक्षरांची घडण साधी झाली. टोकांना छोटे पाय नसलेली, सपाट अक्षरं दिसली तर भांडं त्यानंतरचं.

७. तीन अक्षरं वाचली, पण दोन तारखा निघतात. आता?

असं खरंच होतं. एका वाचकाच्या ताटावर एम, ओ, एस होतं. एस म्हणजे १८६४ किंवा १८९०. एम हे १८६४ मध्ये मार्च, १८९० मध्ये मे. दोन्ही वाचनं बरोबर, आणि 'इंग्लंड' हा शब्द दोन्ही वेळी नसणारच. अशा वेळी ठसा बाजूला ठेवून नक्षीकडे जायचं. शेजारी 'पर्ल' हा शब्द दाबलेला असेल तर १८६४ (प्रश्न ८). नक्षीचा नोंदणी क्रमांक असेल तर १८९० (प्रश्न ९). दोन्ही नसेल तर मी दोन्ही तारखा लिहून ठेवते. एक निवडून दुसरी लपवणं मला पटत नाही.

पहिलं अक्षर वाय किंवा व्ही असेल तर मात्र भांडं १८६०–६४ मधलंच, आणि आर किंवा एल असेल तर १८६५ नंतरचंच. ही चार अक्षरं पाठ करून टाका, निम्मे वाद तिथेच मिटतात.

८. 'पर्ल' लिहिलंय म्हणजे मोती जडवलेत का?

नाही. १७७९ च्या सुमारास वेजवुडने क्वीन्स वेअरहून पांढरी दिसणारी माती काढली. झिलईत चिमूटभर कोबाल्ट घातला की पिवळेपणा मरतो, आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तसंच. तिला त्याने 'पर्ल व्हाइट' म्हटलं. ओळख सोपी : बुडाच्या कोपऱ्यात साचलेली झिलई निळसर दिसते. 'पर्ल' हा शब्द दाबलेली भांडी मात्र १८४० ते १८६८ या काळातली.

९. 'इंग्लंड', 'मेड इन इंग्लंड', चौकटीचं चिन्ह, नोंदणी क्रमांक : कशावरून काय ठरतं?

अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. त्यामुळे 'इंग्लंड' असेल तर सहसा १८९१ नंतरचं. 'मेड इन इंग्लंड' हे विसाव्या शतकातलं, आणि १९२० च्या दशकापासून सर्रास. उलट मात्र खरं धरू नका. संचातल्या छोट्या नगांवर किंवा दाटीच्या बुडावर हा शब्द राहून गेलेला दिसतो.

पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं उभं चिन्ह, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे, हे १८४२ ते १८८३ मधल्या नक्षी-नोंदणीचं. १८८४ पासून साधा चालू क्रमांक आला. दोन्ही नक्षी कधी नोंदली ते सांगतात, बशी कधी भाजली ते नाही. नोंदलेली नक्षी वीस-तीस वर्षंही चालत असे.

१०. माझ्या बशीवर नाव थोडं वेगळं आहे. 'ई' जास्तीचा आहे, किंवा आधी 'जे' आहे, किंवा पुढे 'अँड कंपनी' आहे.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्रजीत या घराण्याचं नाव लिहिताना जी आणि डब्ल्यू यांच्या मधे काहीही नसतं. तिथे ई असेल तर ते बहुतेक स्टॉकटन-ऑन-टीज गावच्या विल्यम स्मिथच्या कारखान्याचं काम. ओळखीचं नाव वाटावं म्हणून तो तसं दाबत असे, सोबत 'क्वीन्स वेअर'ही. वेजवुडनी कोर्टात धाव घेतली आणि १८४८ मध्ये त्याला मनाई झाली.

नावाआधी 'जे' असेल तर तो जॉन वेज वुड. वेज हे मधलं नाव, वुड हे आडनाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने बर्स्लेम आणि टन्स्टॉल इथे भांडी केली. त्याचा ठसा नीट पाहिलात तर 'वेज' आणि 'वुड' यांच्या मधे बारीकसा ठिपका किंवा मोकळी जागा सापडते. जोसायाच्या कारखान्याने नावाआधी असं 'जे' वापरलं नाही.

'वेजवुड अँड कंपनी' हा ठसा दोन वेगळ्या लोकांचा. अठराव्या शतकाच्या शेवटी यॉर्कशरच्या फेरीब्रिजला राल्फ वेजवुडने तो वापरला, आणि १८६० च्या सुमारापासून टन्स्टॉलच्या एनॉक वेजवुडच्या कारखान्याने. तो कारखाना पुढे शंभर वर्षांहून जास्त चालला आणि १९८० मध्ये जोसायाच्याच कंपनीने तो विकत घेतला. निळ्या छापाच्या मोठ्या थाळ्यांवर 'अँड कंपनी' दिसलं तर ती बहुतेक टन्स्टॉलची.

यातली कुठलीही बशी वाईट नाही. मीही सुरुवातीच्या काळात एका दुकानातून टन्स्टॉलची थाळी 'जोसायाच्या हयातीतली' म्हणून घेतली होती. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, मी बूड वाचलं, पण पुढचे दोन शब्द मनावर घेतले नाहीत. थाळी सुंदर आहे, अजून भिंतीवर आहे. फक्त तिच्याखालची चिठ्ठी मी बदलली.

११. 'वेजवुड अँड बेंटली' असं लिहिलेली ताटली मिळाली आहे. लॉटरी लागली का?

ताटली असेल तर संशय घ्या. थॉमस बेंटली हा लिव्हरपूलचा व्यापारी आणि जोसायाचा जिवाभावाचा मित्र. त्यांची भागीदारी १७६९ पासून बेंटलीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७८० पर्यंत टिकली, पण ती फक्त शोभेच्या वस्तूंसाठी : फुलदाण्या, पदकं, छोटे पुतळे. जेवणाची भांडी त्या भागीदारीत नव्हती.

१२. निळ्या रंगावर पांढऱ्या उठावाच्या आकृत्या, तेच ना खरं वेजवुड?

ते जॅस्पर. १७७० च्या दशकात जोसायाने काढलेली ही माती अर्दनवेअर नव्हे, स्टोनवेअर आहे : घट्ट, झिलईविना, हाताला मऊ खडूसारखी. लोकांना वेजवुड म्हटलं की तेवढंच आठवतं, म्हणून मलईरंगी ताटांकडे कुणी बघत नाही आणि ती रद्दीच्या भावात जातात. गुलामगिरीविरुद्धचं १७८७ चं प्रसिद्ध पदकही जॅस्परचंच. साखळदंडांतला, गुडघे टेकलेला माणूस त्यात विचारतो, 'मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?'

१३. बुडावर फुलदाणीचं छापील चित्र आहे.

ती पोर्टलंड फुलदाणी, म्हणजे प्राचीन रोमन काळातल्या एका प्रसिद्ध काचेच्या फुलदाणीचं चित्र. १८७८ मध्ये कंपनीने बोन चायना पुन्हा सुरू केली, तेव्हापासून हे चिन्ह तिच्यावर छापू लागले. म्हणजे तुमची वस्तू बहुधा अर्दनवेअर नाही. प्रश्न २ मधली उजेडाची परीक्षा करा.

१४. 'जॉन्सन ब्रदर्स' असं नाव आणि खाली वेजवुड समूहाचा उल्लेख. हे कुणाचं?

जॉन्सन ब्रदर्सचंच. वेजवुडने ही कंपनी १९६८ मध्ये घेतली, तशीच १९७० मध्ये मीकिन आणि १९७३ मध्ये मेसन्स. घेतलेल्या कंपन्यांनी आपलं नाव ठेवून खाली समूहाचा उल्लेख केला. ते मालकी सांगतं, हात नाही.

१५. 'बार्लस्टन' म्हणजे?

इट्रूरियाची जमीन खाणींमुळे खचत चालली होती. म्हणून कंपनीने काही मैलांवरच्या बार्लस्टनला विजेच्या भट्ट्यांचा नवा कारखाना बांधला आणि १९४० पासून तिथे काम सुरू केलं. इट्रूरिया १९५० मध्ये बंद झालं. बुडावर बार्लस्टन असेल तर भांडं १९४० नंतरचं.

१६. आता कंपनी कुणाची आहे?

१९८६ मध्ये ती आयर्लंडच्या वॉटरफर्ड काचकंपनीत गेली, २००९ च्या जानेवारीत ते सगळं बुडालं, आणि २०१५ पासून ती फिनलंडच्या फिस्कार्सकडे आहे. या बुडण्यात वेजवुडचा संग्रहही जाणार होता. कामगारांच्या पेन्शनची तूट भरायला तो विकता येईल, असं कोर्टाने म्हटलं होतं. २०१४ मध्ये लोकांनी आणि संस्थांनी मिळून १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे केले आणि संग्रह वाचला. तो आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचा आहे, पण राहतो बार्लस्टनलाच.

१७. नागपूर काँग्रेसला आलेले कर्नल वेजवुड याच घरातले का?

हो. जोसाया क्लेमंट वेजवुड, मूळ कुंभाराचे खापरपणतू. ब्रिटिश संसदेत खासदार होते आणि डिसेंबर १९२० मध्ये नागपूर अधिवेशनाला हजर होते.

१८. ठसाच नाही. मग वेजवुड नाहीच?

असं म्हणता येत नाही, पण सिद्धही करता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत जोसाया सगळ्या मालावर नाव घालत नसे, आणि लीड्ससह इंग्लंडभरचे कुंभार तशीच मलईरंगी भांडी करत होते. मी अशा नगाला 'इंग्लिश क्रीमवेअर' म्हणते आणि थांबते.

१९. त्यात जेवलं तर चालेल का? धुवायचं कसं?

जुन्या क्वीन्स वेअरच्या झिलईत शिसं आहे. कोरडा खाऊ, बिस्किटं ठेवायला हरकत नाही. लोणचं, सोलकढी, चिंचेचं सार, दही असं आंबट काही त्यात ठेवू नका, आणि झिलईवर केसांसारख्या भेगा दिसत असतील तर अन्नच नको. मायक्रोवेव्ह आणि यंत्रात धुणं वर्ज्य. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. डाग निघावेत म्हणून ब्लीचमध्ये बुडवू नका, भेगांतून ते आत शिरतं आणि झिलई आतून सुटते. सोनेरी कडेला तर घासणी लावूच नका.

२०. ठसा वाचता येत नाही. फोटो कसा पाठवू?

फ्लॅश बंद करा. संध्याकाळी खोलीत अंधार करून टॉर्च बुडाच्या पातळीवर, अगदी बाजूने धरा. खाचांत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. तरीही दिसेना तर बुडावर पतंगाचा पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्यावर फिरवायचो तशी. अनेकदा डोळ्यांना न दिसलेलं तिसरं अक्षर कागदावर उतरतं. दोन्ही पाठवा, आणि सोबत कडेचा आणि साचलेल्या झिलईचा एक फोटो दिवसाच्या उजेडात काढलेला.